एक विरुद्ध शून्य

हॉकीच्या सामन्याचा निकाल वर्तमानपत्रात 'एक विरुद्ध शून्य' असा छापून येतो, तेव्हा त्यातला 'एक' कोणाचा हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच सांगितलेले असते. अमुक मिनिटाला अमुक खेळाडूने गोल केला. तो 'एक' त्याचा. 'शून्य' मात्र हरलेल्या संघाच्या खात्यावर मांडलेले असते, म्हणून ते त्यांचे असे आपण धरून चालतो. वस्तुतः ते त्यांचे नसते. त्यांना एक हवा होता, जमल्यास दोन हवे होते. जिंकलेल्या संघातला एक माणूस सत्तर मिनिटे गोलासमोर उभा होता आणि ते शून्य त्याने राखले होते. त्याच्या मालकीची नोंद निकालात कुठेच होत नाही.

हे सुचले ते शंकर लक्ष्मण यांच्या कारकिर्दीविषयी वाचताना. मी हॉकीचा जाणकार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि चरित्र-आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवण्याची पाळी दर एक-दोन वर्षांनी माझ्यावर येते. 'चरित्रनायकाचे कर्तृत्व' या शीर्षकाखाली विद्यार्थी जे लिहितात त्यात क्रियापदे ठरलेली असतात: केले, घडवले, उभारले, जिंकले, स्थापन केले. ज्याचे सारे कर्तृत्व 'होऊ दिले नाही' या एका क्रियापदात मावते, अशा माणसाचे चरित्र कसे लिहायचे, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात येत नाही. शंकर लक्ष्मण यांच्या आयुष्याने तो माझ्यापुढे उभा केला.

चोपड्याहून शिरपूरला जाऊन मुंबई-आग्रा रस्ता धरला, की बिजासनचा घाट चढून सेंधवा लागते. पुढे खलघाटला नर्मदा ओलांडायची, धामनोद-मानपूर मागे टाकायचे, की महू येते. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून ते आपल्याला ठाऊक असते. लष्करी छावणीचे गाव म्हणून त्याची जुनी ओळख आहे, आणि बाबासाहेबांचा जन्म तिथे झाला तोही वडील लष्करात होते म्हणूनच. या महूत ७ जुलै १९३३ रोजी शंकर लक्ष्मण यांचा जन्म झाला. नाव कानाला मराठी वाटले, तरी घराणे शेखावतांचे. पण मराठी माणसाने त्यांच्याशी नाते सांगावे असा एक धागा आहे. १९४७ साली ते बँडच्या पथकात पोरसवदा वयात सैन्यात दाखल झाले, आणि १९७९ साली निवृत्त झाले ते मराठा लाइट इन्फंट्रीचे कॅप्टन म्हणून. बेळगावला केंद्र असलेल्या आणि शिवछत्रपतींच्या नावाने रणघोष करणाऱ्या या पलटणीतला तो माणूस. पोरवयात ओढा फुटबॉलचा होता. चेंडू पायाने अडवण्याची आणि पायाने दूर धाडण्याची ती सवय पुढे हॉकीच्या गोलात उपयोगी पडली असणार, कारण हॉकीत पाय लावण्याची मुभा एकट्या गोलरक्षकालाच असते.

आता त्यांच्या कारकिर्दीतले आकडे पाहावेत. १९५६ सालचे मेलबर्न ऑलिंपिक हे त्यांचे पहिले. भारताने त्या स्पर्धेत अडतीस गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही. अफगाणिस्तानवर चौदा, अमेरिकेवर सोळा, सिंगापूरवर सहा असा नुसता वर्षाव झाला. उपांत्य सामन्यात जर्मनीशी गाठ पडली तेव्हा मात्र एक विरुद्ध शून्य, आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानशी पुन्हा एक विरुद्ध शून्य. अंतिम सामन्यातला तो एक गोल रणधीरसिंग जेंटल यांचा. बोटाचे हाड मोडलेले असताना खेळलेले कर्णधार बलबीरसिंग यांची गोष्टही त्या सामन्यासोबत सांगितली जाते. अफगाणिस्तान-अमेरिकेविरुद्धच्या सामन्यांत गोलरक्षकाला फारसे काम नसावे. परंतु शेवटच्या दोन सामन्यांत आघाडीचे खेळाडू एकेका गोलावर अडले होते, आणि तेव्हा सोन्याचे पदक ज्या आकड्यावर टिकले होते तो आकडा शून्य होता.

१९६० साली रोमला अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशी. नसीर बुंदा यांनी एक गोल केला आणि १९२८ पासून सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा भारत हरला. १९६४ साली टोकियोला तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर. पृथिपालसिंग यांचा फटका पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला, मोहिंदरलाल यांनी तो गोलात घातला. एक विरुद्ध शून्य. गोल झाल्यावर उरलेला वेळ पाकिस्तानच्या चढायांचा होता. पेनल्टी कॉर्नर मिळत होते, फटके येत होते, आणि सामना संपेपर्यंत त्या बाजूचा आकडा हलला नाही. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत लक्ष्मण स्वतः कर्णधार होते. गोलरक्षकाकडे भारताचे कर्णधारपद येण्याची ती पहिली वेळ. अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशी, निकाल जादा वेळेत, आणि पुन्हा एक विरुद्ध शून्य.

तीन ऑलिंपिक अंतिम सामने, तिन्ही त्या काळच्या जगातल्या सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी, आणि तिन्ही सामन्यांत मिळून त्यांच्या मागे गेलेला चेंडू एक. गोल म्हणजे बारा फूट रुंद आणि सात फूट उंच चौकट. पायाला वेत आणि कापूस भरलेले पॅड, डोक्यावर काही नाही, पायाखाली खाचखळग्यांचे गवत. कृत्रिम मैदान ऑलिंपिकमध्ये आले ते १९७६ साली. गवतावर चेंडू शेवटच्या क्षणी कसा उसळेल याची खात्री मारणाऱ्याला नसे, मग अडवणाऱ्याला कुठून असणार? अशा स्थितीत तीन सामन्यांत एक गोल.

आणि तरीही नावे कोणाची उरली आहेत ते पाहा. मेलबर्नचा गोल जेंटल यांचा, टोकियोचा मोहिंदरलाल यांचा, आणि रोमचा नसीर बुंदा यांचा. शंकर लक्ष्मण यांच्या कारकिर्दीतल्या ज्या एका क्षणाला निश्चित मिनिट आहे, निश्चित कर्ता आहे आणि इतिहासात जागा आहे, तो क्षण त्यांना चेंडू अडवता आला नाही तो आहे. जे शेकडो अडवले त्यांना ना मिनिट ना नाव.

*

या अन्यायाचे कारण केवळ वार्ताहरांची अनास्था हे नाही, असे मला वाटते. ते भाषेतच कुठेतरी आहे. न्याय-वैशेषिकांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. सहा भावपदार्थ आणि सातवा अभाव. घडा तयार होण्याआधी मातीत त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. तो अनादि असतो, पण घडा उत्पन्न होताच संपतो. गोलरक्षकाचे काम म्हणजे या प्रागभावाची राखण. गोल अजून झालेला नाही; तो दर मिनिटाला होऊ पाहतो; आणि त्याचे 'अजून न होणे' शेवटच्या शिट्टीपर्यंत लांबवत न्यायचे. नैयायिकांची दुसरी सूचना अधिक मार्मिक आहे. अभाव कधी नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला त्यांनी 'प्रतियोगी' म्हटले. घटाभावाचा प्रतियोगी घट. प्रतियोगीचे ज्ञान नसेल तर अभावाचे ज्ञान होत नाही. आपल्या रोजच्या मराठीत प्रतियोगी म्हणजे स्पर्धक. गोलरक्षकाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी येऊन उभे राहतात. त्याने अडवलेल्या चेंडूचे वर्णन करायचे, तर समोरच्याने तो किती जोरात आणि कोणत्या कोपऱ्यात मारला होता हे आधी सांगावे लागते. त्याच्या कर्तृत्वाचे वाक्य नेहमी दुसऱ्याच्या कर्तृत्वाने सुरू होते.

मराठीला राखणाऱ्या माणसाचे वावडे आहे असे मात्र नाही. किंबहुना आपल्या भाषेत राखण्याचे शब्द विपुल आहेत. राखणदार, जागल्या, पहारेकरी, वेसकर. वेशीवरचा मारुतीही राखणदारच. शेत राखायला जायचे, म्हणजे माळ्यावर उभे राहून दिवसभर गोफण फिरवायची आणि पाखरे उठवायची. खळ्यावर ज्वारी मोजली जाते तेव्हा किती पोती झाली हे सांगता येते. पाखरांनी न खाल्लेली किती, हे मापात येत नाही. राखण करणाऱ्याचे धान्य पेरणाऱ्याच्या धान्यात मिसळून गेलेले असते. आपल्या इतिहासकथनात राखणीचा सर्वोच्च प्रसंग अर्थातच १६६० सालचा, बाजीप्रभूंचा. 'खिंड लढवणे' हा वाक्प्रचार त्यातून आला, आणि गोलरक्षकाच्या कामाला याहून नेमका शब्द जगातल्या दुसऱ्या भाषेत असेल असे वाटत नाही. अरुंद वाट, मागे राखायची वस्तू, पुढून येणारे अनेक, आणि विजयाची व्याख्या एवढीच की ठराविक वेळ जाईपर्यंत कोणी पलीकडे जाता कामा नये.

परंतु बाजीप्रभूंच्या कथेला एक शेवट आहे. तोफांचे आवाज झाले आणि त्यांनी देह ठेवला. राखणीला कथारूप मिळाले ते बलिदानामुळे. खिंड लढवून जो जिवंत राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाऱ्यावर जातो, पुढे निवृत्त होऊन निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभा राहतो, त्याचे काय करायचे हे आपल्या वीरकथेला ठाऊक नाही. शंकर लक्ष्मण यांनी चार वेळा खिंड लढवली, तीन वेळा राखली, आणि नंतर ते चाळीस वर्षे जगले.

*

या ठिकाणी थोडे दूर जावेसे वाटते, कारण ज्या खेळात शून्याची मोजदाद होते असा एक खेळ आहे. उत्तर अमेरिकेतली बर्फावरची हॉकी. तिथला गोल आपल्या गोलापेक्षा पुष्कळ लहान, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. चेंडूऐवजी रबराची चकती. आणि ती अशा वेगाने येते की डोळ्यांनी पाहून अडवण्यापेक्षा अंदाजाने अडवावी लागते. या खेळात गोलरक्षकाने पूर्ण सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही, तर त्याच्या नावावर 'शटआउट' लिहिला जातो. फलंदाजाच्या नावावर शतक लिहावे तसा. समोरून किती फटके आले, त्यांतले किती अडवले, हेही मोजले जाते. व्यावसायिक लीगमधले गोलरक्षकाचे पारितोषिक १९२७ पासून दिले जाते. क्षयाने अकाली गेलेल्या जॉर्ज वेझिना या गोलरक्षकाचे नाव त्याला आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एव्हलेथ नावाचे लोखंडाच्या खाणींचे छोटे गाव आहे. स्लोव्हेनियातून आलेल्या कुटुंबातला फ्रँक ब्रिमसेक तिथला. १९३८ साली बोस्टन ब्रुइन्स या संघाने आपला नावाजलेला, प्रेक्षकांचा लाडका गोलरक्षक टायनी थॉम्पसन विकला आणि त्याच्या जागी या नवख्या पोराला उभे केले. बोस्टनचे प्रेक्षक नाराज झाले. पण त्या एका मोसमात ब्रिमसेकने दहा शटआउट केले, संघाने स्टॅन्ली चषक जिंकला, वेझिना पारितोषिक त्याला मिळाले आणि उत्कृष्ट नवोदिताचेही. लोकांनी त्याला नाव ठेवले 'मिस्टर झीरो'. आपल्याकडे एखाद्याला 'शून्य' म्हणणे हा अपमान. तिथे ती पदवी झाली. महायुद्धाच्या काळात तो तटरक्षक दलात गेला, परत येऊन पुन्हा खेळला, १९५० साली निवृत्त झाला आणि पुढे आपल्या भागात परतून रेल्वेत नोकरी केली. १९६६ साली, म्हणजे लक्ष्मण बँकॉकला कर्णधार होते त्याच वर्षी, बर्फावरच्या हॉकीच्या सन्मानगृहात त्याचे नाव दाखल झाले.

मला अधिक विचारात पाडतो तो त्याच गावचा दुसरा गोलरक्षक, सॅम लोप्रेस्टी. ४ मार्च १९४१ रोजी शिकागोकडून खेळताना त्याच्यावर बोस्टनने त्र्याऐंशी फटके मारले. त्याने ऐंशी अडवले. शिकागो तीन विरुद्ध दोन असे हरले. दुसऱ्या टोकाला जिंकणाऱ्या संघाच्या गोलात उभा होता ब्रिमसेक. आपल्या पद्धतीने हा सामना लिहिला, तर लोप्रेस्टी हा तीन गोल खाल्लेला गोलरक्षक ठरतो आणि गोष्ट संपते. त्यांच्या पद्धतीत ऐंशी हा आकडा आज आठ दशकांनंतरही त्याच्या नावापुढे उभा आहे. पुढे युद्धात त्याचे जहाज पाणतीराने बुडाले आणि तो बेचाळीस दिवस होडीत तगून राहिला. तीही एक राखणच म्हणायची.

हा फरक खेळांच्या नियमांतला नाही, नोंदीच्या वहीतला आहे. शंकर लक्ष्मण यांनी टोकियोच्या अंतिम सामन्यात किती फटके अडवले याचा असा आकडा त्यांच्या नावापुढे लावून आपण कधी बोलत नाही. आपल्या वहीत तो रकानाच नव्हता. ज्या गोष्टीला रकाना नसतो तिची आठवण काही वर्षे माणसांच्या बोलण्यात राहते, आणि ती माणसे गेली की बोलणेही जाते.

माझे एक मामा ताप्ती लाइनवर धरणगावच्या बाजूला रेल्वेत कीमॅन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना, बगलेत लाल-हिरवी झेंडी, आणि रोज सकाळी आपल्या हद्दीतले काही मैल रुळावरून पायी चालायचे. सैल झालेली चावी ठोकायची, नट आवळायचा. तीस-बत्तीस वर्षे हेच केले. त्यांच्या निरोपसमारंभाला मी गेलो होतो. बोलायला उठलेल्या साहेबांची पंचाईत माझ्या लक्षात आली. इतरांविषयी सांगायला काही ना काही होते, मामांविषयी बोलताना ते थांबत होते, आणि शेवटी म्हणाले, "यांच्या हद्दीत कधी काही झाले नाही." टाळ्या पडल्या, नारळ दिला, शाल दिली. घरी आल्यावर मामीने विचारले, "काय बोलले साहेब?" मामा डोक्यावरची टोपी काढत म्हणाले, "काहीच व्हयनं नही म्हने." ते रागावलेले नव्हते, उलट थोडे खूशच होते. त्यांच्यापुरते ते वाक्य पुरेसे होते. ते मला पुरेसे वाटले नाही, आणि अजूनही वाटत नाही. त्या बत्तीस वर्षांत त्या रुळांवरून किती गाड्या गेल्या, किती माणसे सुरतेला आणि भुसावळला सुखरूप उतरली, हे कोणीतरी म्हणायला हवे होते. पण ते म्हणायला जी वाक्यरचना लागते, ती साहेबांजवळ नव्हती. माझ्याजवळही त्या वेळी नव्हती.

*

गोलरक्षक दिसतो तो बहुधा राखण मोडली म्हणजे. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला सात विरुद्ध एक असे हरवले. गोलात मीररंजन नेगी होते. त्यानंतर त्यांच्यावर संशयाचे जे शिंतोडे उडाले त्यांना पुरावा नव्हता. पण सात हा आकडा लोकांना पुरावा वाटला. पुढे १९९८ साली आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या गोलरक्षकांना त्यांनी तयार केले. २००७ साली 'चक दे! इंडिया' हा हिंदी चित्रपट आला, आणि त्याचा संबंध लोकांनी नेगींच्या आयुष्याशी जोडला. पटकथालेखकाने कथा त्यांच्यावर बेतलेली नाही असे सांगितले आहे, आणि ते मान्य करायला हवे. त्या चित्रपटासाठी अभिनेत्रींना हॉकी शिकवली ती मात्र नेगींनीच. साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट निराळीच आहे. चित्रपटाचा नायक गोलरक्षक नाही. तो पेनल्टी स्ट्रोक चुकवलेला कर्णधार आहे. सात गोल खाणे ही सत्तर मिनिटे चालणारी, असहाय आणि पसरट गोष्ट. एक स्ट्रोक हुकणे ही एका क्षणाची, नाट्यपूर्ण गोष्ट. कथेला क्षण लागतो. गोलरक्षकाला कथेत यायचे तर त्याला आघाडीचा खेळाडू व्हावे लागते. अर्थात त्याच चित्रपटाच्या शेवटी निर्णायक फटका अडवते ती गोलरक्षक मुलगी, हेही नोंदवले पाहिजे. तिथे अडवणे हाच एक क्षण झाला आहे, म्हणून ते दाखवता आले.

अलीकडे दूरचित्रवाणीमुळे हे थोडे बदलले आहे. टोकियोलाच, ५ ऑगस्ट २०२१ रोजी, भारताने जर्मनीला पाच विरुद्ध चार असे हरवून कांस्यपदक मिळवले. अगदी शेवटच्या क्षणांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर पी. आर. श्रीजेश यांनी अडवला आणि नंतर ते गोलाच्या चौकटीवर चढून बसले. ते छायाचित्र घराघरांत पोचले. २०२४ साली पॅरिसला दुसरे कांस्यपदक घेऊन ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा सोळा क्रमांकाचा सदराही त्यांच्याबरोबर निवृत्त करण्यात आला. ही दखल रास्तच. तरी एक गंमत नजरेआड करता येत नाही. ज्या सामन्यातल्या गोलरक्षणाची देशाने सर्वाधिक आठवण ठेवली, त्या सामन्यात भारतावर चार गोल झाले होते. त्याच शहरात १९६४ साली एकही झाला नव्हता. आणि स्वतः श्रीजेश हे २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात उपांत्य सामन्यात दुखापत झाल्याने अंतिम सामन्यात खेळू शकले नव्हते. पाकिस्तानविरुद्ध गोलात उभा राहिला तो यवतमाळचा आकाश चिकटे. भारत तीन विरुद्ध दोन असा जिंकला. हे नाव विदर्भातल्या किती वाचकांना आठवते, कोण जाणे.

दोष आठवणाऱ्यांना देऊन भागणार नाही. न घडलेली गोष्ट आठवणे हे मनाच्या स्वभावाविरुद्ध आहे. म्हणूनच ते मुद्दाम शिकावे लागते, आणि शिकवावे लागते. साहित्याचा अभ्यास या कामी उपयोगी पडू शकेल असे मला वाटते. कवितेत जे म्हटलेले नाही ते वाचायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. कादंबरीतल्या गाळलेल्या जागांवर तासिका घेतो. माणसाच्या आयुष्यातल्या गाळलेल्या जागांनाही तीच नजर का लावू नये?

*

१९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि पाकिस्तान यांचा सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला होता. गोलांच्या सरासरीवर सुवर्ण पाकिस्तानला मिळाले. राखण चोख झाली, आणि तरीही पदक गेले. १९६२ साली जाकार्तालाही रौप्यच. अंतिम सामन्यात दोन गोल झाले. लक्ष्मण यांच्या कारकिर्दीचा आलेख असा आहे: स्वतःच्या हाती अर्धाच निकाल, आणि उरलेला अर्धा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, शंभर यार्डांवर. तिथे काय होते ते उभे राहून पाहायचे.

१९६४ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, १९६७ साली पद्मश्री. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी संघ निवडला गेला तेव्हा त्यात त्यांचे नाव नव्हते. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या नेतृत्वाखाली आशियाई सुवर्ण आले होते, त्याला वगळले होते. त्यांनी हॉकी सोडली. मेक्सिकोला भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पोचू शकला नाही. १९२८ पासून असे कधी झाले नव्हते. लक्ष्मण असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ते सैन्यात राहिले, अकरा वर्षांनी निवृत्त झाले आणि महूला परतले. अखेरच्या काळात पायाला गँगरीन झाले. डॉक्टरांनी पाय काढायचा सल्ला दिला; त्यांनी निसर्गोपचाराची वाट धरली. २९ एप्रिल २००६ रोजी महूत त्यांचे निधन झाले आणि लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

त्यांचे चरित्र लिहायला कोणी विद्यार्थी माझ्याकडे आला, तर त्याला मी काय सांगेन याचा विचार करतो. पदकांची यादी त्याला कुठेही मिळेल. खरी सामग्री प्रतियोगीकडे असेल. लाहोर-कराचीच्या ज्या खेळाडूंनी टोकियोला शेवटची मिनिटे चढाया केल्या, त्यांच्या मनात ते फटके बारकाव्यांसह राहिले असतील. कोणत्या कोपऱ्यात मारला होता, कसा नक्की जाणार होता, आणि मध्येच पॅड कुठून आला. मारणाऱ्याला न झालेला गोल विसरता येत नाही. शंकर लक्ष्मण यांनी राखलेले शून्य आपल्या वहीत नाही. पण ते सीमेपलीकडे, हरलेल्यांच्या आठवणीत, कधीकाळी पूर्ण तपशिलासह होते. ती पिढी आता संपत आली आहे. ज्याला हे चरित्र लिहायचे असेल त्याने लवकर निघावे.